चंद्र, तेजोमेघ की दीर्घिका? खगोल-छायाचित्रणाच्या चार पर्यायांची तुलना

आकाशाची छायाचित्रे काढायला सुरुवात करू इच्छिणारा माणूस बहुधा ‘इतक्या पैशांत कोणती दुर्बीण घ्यावी’ असे विचारतो. हा प्रश्न अर्धाच आहे. चंद्राचे, तेजोमेघाचे (अवकाशातील प्रकाशमान वायूच्या ढगाचे) आणि दीर्घिकेचे (अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाचे) छायाचित्र काढणे ही तीन निरनिराळी कामे असून त्यांच्या गरजा पुष्कळदा एकमेकींच्या उलट असतात. त्यामुळे एका कामासाठी उत्तम ठरलेले साधन दुसऱ्यासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरू शकते. सध्या नवशिक्यासमोर प्रामुख्याने चार मार्ग असतात: स्वयंचलित ‘स्मार्ट’ दुर्बीण, कॅमेऱ्याखाली बसवायचा ट्रॅकर, डॉब्सोनियन पद्धतीची मोठी आरशाची दुर्बीण, आणि विषुववृत्तीय माउंटवरची, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणाऱ्या आधारावरची, पूर्ण मांडणी. यांतील निवड पैशांपेक्षाही दोन गोष्टींवर अवलंबून असावी, असे माझे मत आहे. काय टिपायचे आहे ही पहिली गोष्ट, आणि कोणत्या आकाशाखाली उभे राहून टिपायचे आहे ही दुसरी.

आधी आकाश

चंद्र म्हणजे उन्हात उजळलेला खडक. पौर्णिमेच्या चंद्राला एफ/११, आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढे एक्सपोजर पुरते, म्हणजे जवळपास दिवसाउजेडीच्या छायाचित्राएवढेच. शहराच्या उजेडाचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे दादरच्या गच्चीवरून आणि पेंचच्या जंगलातून चंद्र सारखाच टिपता येतो. त्याला अडवते ती हवेची थरथर. शिवाय पौर्णिमा ही चंद्राच्या छायाचित्रासाठी सर्वांत कमी फायद्याची तिथी आहे, कारण सूर्य समोरून असल्याने विवरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि कोजागरीचा सुंदर चंद्र छायाचित्रात सपाट ताटलीसारखा येतो. अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर, डोंगर आणि विवरे खरोखर उठून दिसतात.

तेजोमेघांचे गणित वेगळे आहे. मृगातील मोठा तेजोमेघ, एकशृंगीतील रोझेट किंवा धनू राशीतील लगून यांसारखे उत्सर्जन-तेजोमेघ मुख्यत्वे ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाशतात. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर आणि ऑक्सिजनची हिरवट-निळी रेषा ५००.७ नॅनोमीटरवर असते. एलईडी दिव्यांचा उजेड मात्र सर्व रंगांत पसरलेला असतो. म्हणून फक्त या दोन पट्ट्यांतून प्रकाश आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला, की पुण्याच्या मध्यवस्तीतूनही रोझेटच्या पाकळ्या वेगळ्या काढता येतात.

दीर्घिकांना ही सवलत नाही. दीर्घिकेचा प्रकाश हा अब्जावधी ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश असल्यामुळे तोही सर्व रंगांत पसरलेला असतो, आणि दिव्यांचा उजेड अडवणारा फिल्टर दीर्घिकेचा प्रकाशही तितकाच अडवतो. दीर्घिकांसाठी शहर सोडावेच लागते, आणि हे वाक्य दुकानातील कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेले नसते. आकाशाचा अंधार मोजणाऱ्या बोर्टल श्रेणीत (पहिली पायरी सर्वांत अंधारी, नववी सर्वांत उजळ) मुंबई आणि पुणे आठव्या-नवव्या पायरीवर येतात. वांगणीला वर्षानुवर्षे अमावास्येच्या रात्री मुंबईकर आकाश पाहायला जात आले आहेत, तेथेही पश्चिमेच्या क्षितिजावर महानगराचा उजेड दिसतोच. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाच्या जपणुकीसाठी काम करणाऱ्या डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेची मान्यता मिळाली. असे मान्यताप्राप्त डार्क स्काय पार्क भारतात हे पहिलेच आहे, आणि विदर्भातील वाचकांनी हा शेजार गांभीर्याने घ्यावा.

स्मार्ट दुर्बीण आणि ट्रॅकर

आज खरी निवड बहुतेकांसाठी या दोहोंत असते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

स्मार्ट दुर्बिणीचे सर्वाधिक चर्चेतील उदाहरण म्हणजे झेडडब्ल्यूओ कंपनीची, २०२३ मध्ये आलेली सीस्टार एस५०. तिच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर, फोकल लेंथ २५० मिलिमीटर आणि वजन सुमारे अडीच किलो आहे. कॅमेरा, मोटर, ड्युअल-बँड फिल्टर आणि दवापासून बचाव करणारा हीटर असे सगळे तिच्या पोटातच असते. मोबाइलवरून ‘एम ४२’ (मृगातील मोठा तेजोमेघ) निवडले, की ती आकाश ओळखते, लक्ष्याकडे वळते, १०-१० सेकंदांच्या फ्रेम (सुटी छायाचित्रे) घेते आणि त्या एकावर एक रचत जाते. चार पट वेळ दिला तर चित्रातील खरखर साधारण निम्म्यावर येते, हा या छंदाचा मूळ नियम आहे, आणि तो पडद्यावर प्रत्यक्ष घडताना पाहणे नवशिक्यासाठी मोठा धडा असतो. सोसायटीच्या गच्चीची किल्ली रात्री दोन तासांपुरतीच मिळणाऱ्या माणसाला याहून सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तिच्या चौकटीत आकाशाचा सुमारे १.३ अंश बाय ०.७ अंश एवढाच तुकडा मावतो. देवयानी दीर्घिका सुमारे तीन अंश लांब असल्याने ती एका चौकटीत येत नाही, तुकडे जोडावे लागतात. दुसरी अडचण आपल्या अक्षांशाशी निगडित आहे. दुर्बीण उभ्या-आडव्या अक्षांवर फिरत असली की चित्र हळूहळू स्वतःभोवती गरगरत राहते आणि डोक्यावरच्या आकाशात हा दोष सर्वाधिक असतो. महाराष्ट्रातून कृत्तिकांसारखी लक्ष्ये जवळजवळ खमध्यातूनच जातात, त्यामुळे ती माथ्यावर येण्याच्या आधीचे किंवा नंतरचे तास निवडावेत, अन्यथा बऱ्याच फ्रेम बाद होतात. ट्रायपॉडवर तिरकी बसवून विषुववृत्तीय पद्धतीने ती चालवण्याची सोय कंपनीने नंतर दिली आहे, मात्र तेव्हा ‘ठेवा आणि चालू करा’ हा तिचा मुख्य गुण थोडा उणावतो.

ट्रॅकर म्हणजे ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे, पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारे छोटे यंत्र. आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला), त्यामुळे ट्रॅकरशिवाय ५० मिलिमीटरच्या लेन्सने फुलफ्रेम कॅमेऱ्यावर १० सेकंदांच्या पुढे तारे रेघोट्या ओढू लागतात. ट्रॅकरवर तीच लेन्स काही मिनिटे उघडी ठेवता येते. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर २आय पाच किलोपर्यंत भार पेलतो, आणि ज्याच्याकडे डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आधीच आहे त्याचा निम्म्याहून अधिक खर्च इथे वाचतो. फुलफ्रेमपेक्षा लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर १३५ मिलिमीटरची लेन्स लावली, तर सुमारे दहा अंश बाय साडेसहा अंशांचे आकाश मिळते. त्यात देवयानी ऐसपैस बसते, आणि धनू राशीतील लगून व ट्रिफिड हे दोन्ही तेजोमेघ आकाशगंगेच्या धुळकट पट्ट्यासह एकत्र येतात. स्मार्ट दुर्बिणीला हे विस्तीर्ण दृश्य साधत नाही.

मात्र ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने अचूक लावावा लागतो, आणि ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची स्थानिक अक्षांशाएवढीच असते. ती पुण्यात साडेअठरा, मुंबईत एकोणीस आणि नागपुरात एकवीस अंशांच्या आसपास भरते. युरोपात तो निम्म्या आकाशात लटकलेला असतो, आपल्याकडे मात्र समोरची इमारत, आंब्याचे झाड किंवा कोकणातील दमट धुरकटपणा त्याला सहज गिळतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीतून तर तो कधीच दिसणार नाही. ट्रॅकर घेण्यापूर्वी आपल्या जागेवरून ध्रुवतारा दिसतो का, हे एका रात्री उभे राहून पाहावे. दिसत नसेल आणि दर महिन्याला बाहेरगावी जाणे शक्य नसेल, तर ट्रॅकरचा विचार सोडलेला बरा.

आणखी एक बाब कॅमेऱ्याची. साध्या कॅमेऱ्यातील सेन्सरपुढची काच ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवते, म्हणून रोझेटसारखे तेजोमेघ त्यात फिके येतात. निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए आणि कॅननने २०१९ मध्ये ईओएस आरए असे खास कॅमेरे काढले होते, पण दोन्ही आता बंद झाले आहेत. कॅमेरा उघडून ती काच बदलून घेता येते, परंतु त्याने वॉरंटी जाते आणि लग्नकार्यातील फोटोंत सगळे पाहुणे लालबुंद दिसू लागतात. त्यासाठी जुना कॅमेरा वेगळा काढावा, घरचा एकुलता एक कॅमेरा देऊ नये.

चंद्रासाठी डॉब्सोनियन

ज्याचे मन चंद्रावर जडले आहे त्याने वरील दोन्ही पर्यायांवर पैसे खर्च करू नयेत. सीस्टार एस५० चे एक पिक्सेल चंद्रावरील सुमारे साडेचार किलोमीटर व्यापते, त्यामुळे ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर जेमतेम वीस पिक्सेलांत आटोपते. आठ इंची, १२०० मिलिमीटर फोकल लेंथच्या डॉब्सोनियनला सर्वसाधारण एपीएस-सी कॅमेरा लावला, तर तेच विवर सुमारे ७५ ते ८० पिक्सेल भरते आणि दुप्पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) लावल्यास दीडशेच्या घरात जाते. मग त्याच्या पायऱ्यांसारख्या भिंती आणि मधली शिखरे वेगळी दिसतात. या दुर्बिणीत चंद्राचे पूर्ण बिंब सेन्सरवर सुमारे ११ मिलिमीटरचे पडते आणि एपीएस-सीच्या चौकटीत नेटके मावते.

पद्धतही सुटसुटीत आहे. एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत प्रणालीने त्यातील हवा स्थिर असतानाच्या उत्तम फ्रेम वेचायच्या आणि त्यांची सरासरी काढून चित्र धारदार करायचे. खरेदीपूर्वी एकच चौकशी अवश्य करावी: अनेक न्यूटोनियन (आरशाच्या, डॉब्सोनियनसारख्या) दुर्बिणींत डीएसएलआरचा फोकस जुळतच नाही, कारण फोकसर पुरेसा आत जात नाही. बार्लो मध्ये घातल्यास बहुधा मार्ग निघतो. तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्यासाठी मात्र हाताने ढकलण्याची ही दुर्बीण छायाचित्रणाच्या कामाची नाही. डोळ्यांनी पाहण्याचा आनंद ती सर्वांत अधिक देते, हा वेगळा मुद्दा.

पूर्ण मांडणी कोणासाठी?

लहान दीर्घिका हा चौथ्या मार्गाचा खरा प्रांत आहे. एम ५१ ही भोवऱ्यासारखी दीर्घिका आकाशात जेमतेम ११ कला लांब आहे. तिचे सर्पिल हात उलगडायचे, तर मोठी फोकल लेंथ, तासन्‌तासांचे एक्सपोजर आणि विकलेच्या पातळीवरचा मागोवा लागतो. हे काम ईक्यू६-आर किंवा एचईक्यू५ यांसारखे माउंट, मागोव्यातील चूक टिपणारा गाइड कॅमेरा आणि ती सुधारणारी पीएचडी२ सारखी संगणक प्रणाली मिळून करतात. नुसते असे माउंटच लाखाच्या पुढे जाते, आणि ईक्यू६-आरचे डोके १७ किलोंहून जड असून वजने, तिवई आणि बॅटरी वेगळी. सिंहगडाच्या पायवाटेने ते वर नेण्याचा विचार कोणी करू नये. ज्याच्याकडे चारचाकी आहे, किंवा गावाकडे स्वतःचे अंगण आहे, त्याच्यासाठीच ही मांडणी योग्य आहे. ध्रुवतारा दिसत नसला तरी संगणकाच्या साहाय्याने आकाशाच्या अन्य भागावरून अक्ष लावण्याची सोय येथे असते, ही जमेची बाजू.

थंड करता येणारा कॅमेरा आपल्याकडे चैन वाटतो, पण तो तसा नाही. दीर्घिकांचा खरा हंगाम मार्च ते मे, कारण कन्या आणि सिंह राशी तेव्हाच संध्याकाळी वर असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रात्रीही हवा तापलेली असते. सेन्सरमधील उष्णतेची खरखर साधारण दर सहा-सात अंशांना दुप्पट होते. हवेपेक्षा ३५ अंशांपर्यंत खाली जाऊ शकणारा कॅमेरा २८ अंशांच्या रात्री शून्याखाली ठेवता येतो, आणि तापमान ठरावीक राहिल्याने एकदा काढलेल्या डार्क फ्रेम (सेन्सरची खरखर वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) पुन्हा पुन्हा वापरता येतात.

ही मांडणी पहिल्याच खरेदीत घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन. फ्रेम रचणे, फ्लॅट (चौकटीतील असमान उजेड दुरुस्त करणाऱ्या फ्रेम) आणि डार्क लावणे, सिरिल या चित्रसंस्कार प्रणालीत चित्र उलगडणे हे सर्व ट्रॅकरवर किंवा स्मार्ट दुर्बिणीच्या साठवलेल्या फ्रेमवरही शिकता येते. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईतील खगोल मंडळ १९८५ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आहेत. अशा संस्थेच्या रात्रीच्या कार्यक्रमात अनुभवी सभासदांची साधने जवळून पाहता आली, तर लाखभराचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल.

खरेदीचा महिनाही विचारात घ्यावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्रात साधन पेटीतच राहणार, आणि दमट हवेत भिंगांवर बुरशी धरण्याची भीती असते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलची व्यवस्था साधनाबरोबरच करावी लागते. मे महिन्यात उत्साहाने घेतलेली दुर्बीण चार महिने नुसती जपावी लागते, उलट सप्टेंबरअखेर घेतलेल्या साधनाला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देवयानी, डिसेंबर-जानेवारीत मृग आणि रोझेट, आणि फेब्रुवारीपासून पहाटेची धनू रास असा सलग हंगाम मिळतो.