तुर्की विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य मोजायचंय? कोणती प्रश्नावली कशासाठी घ्यावी

तुर्की भाषेत मनःस्वास्थ्याच्या प्रश्नावल्यांचा सुकाळ आहे. परदेशी मापनी आणायची, तिचं भाषांतर करायचं, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून भरून घ्यायची आणि तिची विश्वसनीयता तपासायची, हे काम तिथल्या शिक्षणशास्त्र आणि समुपदेशन विभागांत वर्षानुवर्षं चालू आहे. त्यामुळे प्रबंधासाठी तुर्की नमुना घेणारा किंवा तिथल्या मुलांची आपल्याकडच्या मुलांशी तुलना करू पाहणारा अभ्यासक पर्यायांच्या गर्दीतच अडकतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एक मापनी स्वास्थ्याची आणि एक लक्षणांची, अशी जोडी घ्या. दोन्ही गोष्टी एकाच पट्टीवर मोजता येत नाहीत. डिप्रेशनचे गुण कमी आले म्हणजे पोरगं मजेत आहे असं होत नाही, आणि अँझायटीने बेजार झालेली मुलगीही मैत्रिणींत रमलेली, आपल्या अभ्यासात अर्थ सापडलेली असू शकते. 2018 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत 15 वर्षांच्या तुर्की मुलांनी आयुष्याबद्दलच्या समाधानाला 10 पैकी सरासरी 5.6 गुण दिले, ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या देशगटाची सरासरी 7 होती. लक्षणांची यादी कितीही लांब केली तरी ही गोष्ट तिच्यात नीट उमटत नाही. आणि पिसाचा तो एकच प्रश्न मुलं असमाधानी का आहेत ते सांगत नाही.

स्वास्थ्याच्या बाजूला: रिफ, डीनर की कीझ?

कॅरल रिफ यांची 1989 ची मापनी सगळ्यांत खोल आहे. स्वायत्तता, परिस्थितीवरचा ताबा, वैयक्तिक वाढ, इतरांशी चांगले संबंध, जगण्याचा हेतू आणि स्व-स्वीकार अशी सहा अंगं ती वेगवेगळी मोजते. 84 विधानांची तुर्की आवृत्ती अहमत आकन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केली. तुमचा प्रश्नच या अंगांबद्दल असेल, म्हणजे घर सोडून दुसऱ्या शहरात सरकारी वसतिगृहात राहणाऱ्यांची स्वायत्तता वगैरे, तर हिला पर्याय नाही. एरवी तासाच्या शेवटी 84 विधानं वाटली की निम्मा वर्ग एकाच रकान्यात खुणा करत खाली उतरतो. शिवाय रिफच्या मापनीत उलट्या अर्थाची विधानं बरीच आहेत. कंटाळलेल्या विद्यार्थ्याचं तिथे हमखास चुकतं आणि ती चूक आकडेवारीत ‘वेगळा घटक’ बनून, म्हणजे स्वास्थ्याचं एखादं नवंच अंग सापडल्यासारखी, वर येते.

दुसऱ्या टोकाला एड डीनर आणि सहकाऱ्यांची 8 विधानांची मापनी. बुलेंत तेलेफ यांनी 2013 मध्ये तिचं तुर्की रूप विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर तपासलं आणि तेव्हापासून तुर्की शोधनिबंधांत ती फार दिसते. कारण उघड आहे: दोन मिनिटांत भरून होते, गुण 8 ते 56, हिशेब सोपा. पण तिची आठही विधानं सकारात्मक आहेत. मी चांगला माणूस आहे, लोक मला मान देतात, या धाटणीची. याला नाही म्हणणं कुणालाही जड जातं, आणि मानमरातबाला जपणाऱ्या समाजात तर आणखीच. त्यामुळे गुण वरच्या बाजूला गोळा होतात. दुसरी उणीव मला अधिक खटकते. ही मापनी ‘गेल्या महिन्यात’ किंवा ‘गेल्या आठवड्यात’ असं काही विचारतच नाही. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजून तुमच्या कार्यशाळेचा परिणाम दाखवायचा असेल, तर ही घेऊ नका.

माझी पसंती कोरी कीझ यांच्या मनःस्वास्थ्य मापनीच्या 14 विधानांच्या लघुरूपाला. 2015 मध्ये देमिर्जी आणि आकन यांनी ते तुर्कीत आणलं. तीन विधानं भावनिक, पाच सामाजिक, सहा मानसिक स्वास्थ्याची. गेल्या महिन्यात असं किती वेळा वाटलं, एवढंच विचारलेलं: ‘कधीच नाही’ला 0 आणि ‘रोज’ला 5. नुसत्या बेरजेवर न थांबता माणूस बहरलेला, मध्यम की मरगळलेला, हेही ठरवता येतं. बहरलेला ठरण्यासाठी तीनपैकी किमान एक भावनिक आणि उरलेल्या अकरापैकी किमान सहा गोष्टी ‘रोज’ किंवा ‘जवळपास रोज’ (म्हणजे 5 किंवा 4) वाटायला हव्यात.

ही वर्गवारी कशी चालते ते एकदा हाताने करून पाहा. समजा, अंकारातल्या एका विद्यार्थिनीने तीनही भावनिक आणि सहाही मानसिक विधानांना 4 दिले, आणि समाज सुधारतोय, समाजाचा कारभार कळतो, माणसं मुळात चांगली असतात, अशा पाचही सामाजिक विधानांना 0. बेरीज 36. ती बहरलेली ठरते. तिच्या शेजारच्याने चौदाही ठिकाणी 3 दिले. बेरीज 42, तरी तो मध्यम. आणि पहिलीने एका मानसिक विधानाला 4 ऐवजी 3 दिले असते, तर तीही मध्यमात गेली असती. म्हणून प्रबंधात बेरीज आणि वर्गवारी दोन्ही द्या, आणि तीनही घटकांचे गुण वेगळे छापा. तुर्कस्तानात हे फार गरजेचं आहे. महागाई आणि पदवीनंतरच्या बेकारीची धास्ती घेतलेला मुलगा ‘समाज सुधारतोय’ला 0 देतो तेव्हा त्याचं मन आजारी आहे असं म्हणायचं, की त्याने परिस्थिती नीट पाहिली असं म्हणायचं? एकच बेरीज छापलीत तर हा प्रश्न वाचकापर्यंत पोचणारच नाही.

वॉरविक-एडिनबरा मापनीही 14 विधानांचीच, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. केल्दाल यांचं तुर्की रूप 2015 चं. सामाजिक अंग तिच्यात तोकडं आहे, पण बदल टिपायला ती चांगली. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची मापनी समुपदेशन केंद्राच्या दारात वापरण्याजोगी आहे. बेरजेला चारने गुणून 100 पैकी गुण काढायचे आणि 50 किंवा त्याखाली आले तर पुढची चौकशी करायची. शाळकरी मुलांसाठी मात्र यांतलं काही न घेता एपोक ही पाच अंगांची 20 विधानांची मापनी पाहा. तिचंही तुर्की रूप आहे.

लक्षणांच्या बाजूला: बेक की डॅस?

बेकची डिप्रेशन मापनी तुर्कस्तानात मुरलेली आहे. नेसरिन हिसली यांनी 1989 मध्ये ती खास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर तपासली आणि 17 गुणांची सीमारेषा दिली, म्हणजे तिथून पुढे डिप्रेशनची शक्यता धरायची. आजही ती वापरली जाते. पण ती जुन्या बेकची आहे. 1996 ची दुसरी आवृत्ती वेगळी, तिचं तुर्की प्रमाणीकरणही वेगळं. नव्या प्रश्नावलीला जुने 17 लावलेत तर तुमची टक्केवारी कवडीमोल. दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकाची परवानगी आणि पैसे लागतात, हेही आधीच धरून चाला.

डॅस-21 फुकट आहे. डिप्रेशन, अँझायटी आणि स्ट्रेस, प्रत्येकी सात विधानं, गेल्या आठवड्याबद्दलची. 42 विधानांच्या मूळ डॅसच्या सीमारेषा वापरायच्या असतील तर बेरीज दुप्पट करावी लागते. ते विसरलं की अर्धे रुग्ण कागदावरूनच गायब होतात. तुर्कीत हिची एकाहून अधिक भाषांतरं आहेत, 2017 चं यल्माझ आणि सहकाऱ्यांचं आणि 2018 चं सारचाम यांचं. कोणतं घेतलं ते नावानिशी लिहा.

आता तारखांचं बघा. डॅस आठवड्यापुरतं विचारते, म्हणजे व्हिझेच्या, अर्थात सत्रमध्य परीक्षेच्या आठवड्यात दिलीत तर स्ट्रेसचे गुण फुगणारच. रमझानकडे तर कुणी बघतच नाही. 2024 आणि 2025 मध्ये तो मार्चात, ऐन वसंत सत्रात होता. रोज पहाटे सहरीला उठणाऱ्या मुलाची बेकमधली झोप आणि भुकेची उत्तरं कशी वाचणार? डॅसच्या डिप्रेशनच्या विधानांत झोप-भूक नाही, तिथे ती या अडचणीतून सुटते. पण तिच्या अँझायटीच्या भागात तोंडाला कोरड पडल्याचं एक विधान आहे, आणि रोजा धरलेल्याचं तोंड दुपारी कोरडं असणारच! शक्य असेल तर सत्र सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, रमझान आणि परीक्षा दोन्ही टाळून मोजा.

नमुन्याबद्दल थोडक्यात. शिक्षणशास्त्र विभागातले विद्यार्थी सहज मिळतात म्हणून अनेक अभ्यास त्यांच्यावरच उभे आहेत, आणि त्यात मुली जास्त असतात. इंजिनिअरिंगची मुलं, घरी कुर्दी बोलणारी मुलं, सीरियातून येऊन तिथेच शिकणारी मुलं यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावू नका. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांशी तुलना करणार असाल तर सरासऱ्या शेजारी मांडण्याआधी दोन्ही गटांत विधानांचा अर्थ सारखाच लागतो का, हे संख्याशास्त्राने तपासा. ती पायरी गाळली तर मिळालेला फरक मुलांमधला की भाषांतरांमधला, हे सांगता येणार नाही.

परवानग्यांना वेळ लागतो. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी हवीच, शाळांत शिरायचं तर शिक्षण मंत्रालयाचीही. तुर्कस्तानच्या 2016 च्या 6698 क्रमांकाच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आरोग्याची माहिती विशेष संरक्षित मानली आहे, त्यामुळे बरेच जण निनावी सर्वेक्षणाकडे वळतात. इथेच बेक आणि डॅसमधला निर्णय खरा ठरतो. बेकचं नववं विधान आत्महत्येच्या विचारांबद्दल आहे. निनावी कागदांच्या गठ्ठ्यात तिथे कुणी 3 ला खूण केलेली दिसली, तर तुम्ही त्या मुलापर्यंत पोचू शकत नाही. बेक तिथेच घ्या जिथे विद्यार्थ्याचं नाव माहीत आहे, त्याने तशी संमती दिली आहे आणि कागद त्याच दिवशी वाचून त्याला बोलावणारा समुपदेशक हजर आहे. निनावी अभ्यासाला डॅस-21 पुरते, आणि तिच्या शेवटच्या पानावर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची खोली, वेळ आणि फोन नंबर तुर्कीत छापलेला असू द्या.