‘आठ दिवस, सात रात्री केरळ’: एका पत्रकाची चिरफाड

अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून फेब्रुवारीत ३४ जण केरळला निघाले. तूर घरात आलेली, कापसाचे चुकारे झालेले, हरभरा सोंगायला दोन-तीन आठवडे अवकाश. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला फिरायला एवढीच काय ती फुरसत मिळते, आणि सहल विकणाऱ्यालाही हे वेळापत्रक पाठ असतं.

भाव माणशी १७,५००. दिवाळीला ५,००० ‘तिकिटाचे’, संक्रांतीला ७,५०० ‘हॉटेलचे’, निघताना ५,०००. सगळे पैसे एका माणसाच्या खाजगी फोन-पे नंबरवर गेले, पावती कोणालाच मिळाली नाही. विकणारा शेजारच्या गावचा, तालुक्याला गाळा घेऊन बसलेला. गट जमवणाऱ्या सेवानिवृत्त गुरुजींना एक सीट फुकट होती. ही पद्धत धंद्यात सर्रास आहे आणि त्यात गैर काही नाही. पण मग शंका काढणाऱ्याला उत्तर विकणारा देत नाही, गुरुजीच देतात: “आपलाच पोरगा हाय, कायले फसवन?”

पहिली थाप दिवाळीतच पकडता आली असती. विकणाऱ्याने नोव्हेंबरात सांगितलं, “काकाजी, तिकिटं काढून झाली, तुम्ही फक्त बॅगा भरा.” १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. १२ फेब्रुवारीच्या गाडीचं आरक्षण १४ डिसेंबरच्या आधी निघूच शकत नाही. म्हणजे ज्या दिवशी तिकिटाचे पैसे घेतले, त्या दिवशी तिकीट नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती.

डिसेंबरात व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, त्यावर ‘कन्फर्म’ लिहिलेलं. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहाच प्रवासी बसतात. ३४ माणसांना किमान सहा पीएनआर (तिकिटाचे आरक्षण क्रमांक) लागतात, आणि फोटो होता एकाचा. बाकीचे पाच कुठं आहेत, हे कोणी विचारलं नाही. पीएनआर दहा आकडी असतो, १३९ वर फोन किंवा एसएमएस केला की खरी स्थिती कळते. फोटोवर विश्वास ठेवू नका, मोबाइलवर अक्षर बदलायला दोन मिनिटं पुरतात.

निघाली ती गोष्ट अशी: सहापैकी दोन तिकिटं कन्फर्म, तीही थ्री एसीऐवजी स्लीपरची. (दोन्हींच्या भाड्यात अडीच पटींच्या आसपास फरक असतो, तो गाळ्यातच राहिला.) उरलेली चार पूर्ण वेटिंगची. ऑनलाइन काढलेलं पूर्ण वेटिंगचं तिकीट चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागला की आपोआप रद्द होतं आणि किरकोळ कपात होऊन पैसे परत जातात. कोणाकडे? ज्याच्या खात्यातून तिकीट काढलं त्याच्याकडे. प्रवाशाला त्यातलं काही कळत नाही. नागपूर स्टेशनवर १२ जण डब्यात चढले, २२ जणांची नावं चार्टावर नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवशी खिशातून पैसे घालून ‘तात्काळ’ कोट्याचं तिकीट काढलं. त्यात एका तिकिटावर चारच माणसं. ‘तिकिटाचे’ ५,००० मात्र गाळेवाल्याला पचले.

आता पत्रक. फसवणूक केरळात झाली असं गाव म्हणतं, पण ती या कागदावर आधीच छापलेली होती.

‘हाऊसबोट’ एवढाच शब्द होता. आलप्पुळ्यात (अलेप्पीत) किंवा कुमरकोमला हाऊसबोटीचा मुक्काम म्हणजे साधारण दुपारी १२ ला चढणं, बोटीवर जेवण, वेंबनाड कायलात (सरोवरात) आणि कालव्यांतून फेरी, संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधणं, आणि सकाळी नाश्ता करून नऊला उतरणं. रात्री बोट चालत नाही, कारण तेव्हा पाण्यात कोळ्यांची जाळी असतात. बऱ्याच बोटींत एसीही रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. ती फसवणूक नव्हे, पण आधी सांगायला हवी. या गटातल्या पहिल्या १२ जणांना अकराला चढवलं आणि चारला उतरवलं. ही ‘डे क्रूझ’. रात्र शहरातल्या लॉजवर. मागून आलेल्या २२ जणांना तेवढंही नाही, वर ऐकून घ्यावं लागलं की “बोट तुमच्या उशिरामुळं हुकली.” कागदावर ‘हाऊसबोट मुक्काम, १२ ते ९, इतक्या खोल्या, तीन वेळचं जेवण’ असं लिहून घेतलं असतं तर पुढं भांडायला जागा राहिली असती. खोल्यांचा हिशेब सोपा आहे. बोटीला एकापासून चार-पाच खोल्या असतात. ३४ माणसं, खोलीत तिघं धरली तरी बारा खोल्या, म्हणजे किमान तीन-चार बोटी. त्यांची नावं विचारा. ज्याने बोट ठरवली आहे त्याला ती तोंडपाठ असतात. आणि बोट भरून वाहत असेल तर सरळ उतरा. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला सहलीची बोट उलटून २२ माणसं गेली, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते.

‘मुन्नार’ लिहिलं होतं, हॉटेल निघालं अडिमालीला. अडिमाली मुन्नारच्या अलीकडे, घाटाखाली तीसेक किलोमीटरवर. तिथं थंडी नाही, चहाचे मळे नाहीत, खोलीचं भाडंही कमी. रोज वर जाण्या-येण्यात दीड-दोन तास जातात. हॉटेलचं नाव पत्रकात नव्हतं. होतं ‘थ्री स्टार किंवा समकक्ष’. या ‘समकक्ष’ शब्दात काहीही मावतं.

पत्रकावर निळ्या फुलांनी भरलेला डोंगर होता. ती नीलकुरिंजी. बारा वर्षांतून एकदा फुलते. २०१८ ला फुलली, आता २०३० ला. आणि ‘एराविकुलम राष्ट्रीय उद्यान’ असंही छापलेलं. नीलगिरी ताहर या डोंगरी बकरीच्या विणीसाठी हे उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. विदर्भातला शेतकरी नेमका तेव्हाच मोकळा होतो. फाटकाशी गेल्यावर वाहनचालक म्हणाला, “क्लोज्ड.” विकणाऱ्याला हे ठाऊक नसणं कठीण. बंद दाराचं तिकीट काढावं लागत नाही, एवढे पैसे वाचले.

बेटाचा प्रकार सगळ्यात सफाईचा. फोटोत पांढरी वाळू, हिरवट-निळं उथळ पाणी, तळ दिसतोय. खाली फक्त ‘निसर्गरम्य बेट’. लोकांनी लक्षद्वीप समजून घेतलं, आणि जानेवारी २०२४ मधल्या पंतप्रधानांच्या भेटीनंतर ते नाव घराघरात पोचलेलंच होतं. विकणाऱ्यानेही ‘नाही’ म्हटलं नाही. गट पोचला वेंबनाडमधल्या पातिरामणलला. बेट छान आहे, पक्षी आहेत, पण मुहम्माहून होडीने थोड्या वेळात पोचणारं हे झाडीचं बेट आहे. तो फोटो प्रवाळबेटाचा होता. आलप्पुळ्याच्या किनाऱ्यावर तसं पाणी कधी दिसत नाही. खऱ्या लक्षद्वीपला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, आणि कोचीहून अगत्तीचं विमान किंवा रात्रभराचं जहाज. ज्या सहलीत कोणी तुमचं ओळखपत्र आणि फोटो परवान्यासाठी मागितले नाहीत, त्या सहलीत लक्षद्वीप नाही.

प्रवासाचे तासही कागदावर गिळलेले होते. कोची-मुन्नार १३० किलोमीटर. समृद्धीवर गाडी पळवणाऱ्याला वाटतं दीड तास. तिथं घाटात चार-पाच तास लागतात. मुन्नारहून ठेक्कडी ९० किलोमीटर, तेही तीन तास. एका दिवसात ‘मुन्नार, ठेक्कडी, बोटिंग, मसाल्याची बाग’ छापलं असेल तर यातलं बोटिंग गळणार, बाग नाही. कारण बागेच्या दुकानात वाहनवाल्याला कमिशन असतं. वेलदोडे घ्यायचेच असतील तर मोठे, आठ मिलिमीटरचे मागा. बोटांत चोळून बघा, हिरवा रंग बोटांना लागला तर तसेच ठेवून द्या.

पाचव्या दिवशी कोवळमच्या हॉटेलवाल्याने गटाच्या बॅगा अडवल्या. त्याला फक्त आगाऊ रक्कम मिळाली होती. गाळेवाल्याचा फोन बंद. माणशी १,४०० भरून बॅगा सोडवल्या, कन्याकुमारी राहिली. हे टळलं असतं एका फोनने: संक्रांतीचा हप्ता देण्याआधी हॉटेलचं नाव मागायचं, नंबर गाळेवाल्याने दिलेला नाही, स्वतः शोधलेला घ्यायचा, आणि विचारायचं, “अमुक तारखेला या नावाने किती खोल्या, आणि पैसे किती आलेत?”

गाळ्यात फ्रेम करून लावलेला कागद ‘उद्यम’ या लघुउद्योग नोंदणीचा होता. ती फुकट असते, माणूस स्वतःच माहिती भरतो. सहल चालवण्याची ती परवानगी नाही. कार्डावरचा जीएसटी क्रमांक तरी तपासायचा: १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणालाही मालकाचं नाव दिसतं. या क्रमांकावर निघालं एक कृषी सेवा केंद्र.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात “हा तुमचा आपसातला व्यवहार” असं ऐकायला मिळतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये आहे. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तिथं तासांनी फरक पडतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. दर्यापूरकराने अमरावतीत लावावा, केरळात जायचं कारण नाही.

दाव्यात लागतं ते पत्रक, फोन-पेचा प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), व्हॉट्सॲपवरचं मूळ संभाषण (फॉरवर्ड केलेलं नव्हे), आणि तात्काळ तिकिटाच्या व हॉटेलच्या पावत्या. हॉटेलची पावती गुळगुळीत कागदावर छापलेली असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. या गटातल्या चौघांच्या पावत्या सुनावणीच्या तारखेपर्यंत कोऱ्या पडल्या होत्या.