मीटर सेटिंगच्या नावाखाली २,५०० रुपये लुबाडले. टायर बदलणाऱ्यांनी वाचा

गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात सोलापुरातल्या एका टायर दुकानात मी ५१,५०० रुपयांचं काम करून घेतलं. अलॉय चाकं चार नग २६,०००, टायर चार नग २१,६००, बॅलन्सिंग-अलाइनमेंट १,४०० आणि ‘मीटर सेटिंग’, म्हणजे वेगाचं मीटर नव्या टायरशी जुळवणं, २,५००. जुनी चाकं ५,००० ला त्यानेच ठेवून घेतली, म्हणजे खिशातून गेले ४६,५००. तक्रार चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही.

गाडी डिझायर. ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्टिकरवर साइज १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के आणि आतली धातूची रिम १४ इंची. पंधरा इंची अलॉय घालायचं तर १८५/६५ आर १५ घ्यायला हवा होता, चाकाची उंची जवळपास तीच राहते. त्याने घातले २०५/६५ आर १५. मी विचारलं होतं, “मोठे दिसतायत, मीटर चुकणार नाही ना?” हे मुद्दाम सांगतोय, कारण घरचे म्हणतात मी न विचारता पैसे दिले. तो म्हणाला, “मालक, उंची सेमच हाय, बघा की.” आणि टेप काढून जुन्या-नव्या दोन्ही टायरची बाजूची भिंत मोजून दाखवली. जुनी १३२ मिलिमीटर, नवी १३३.

तिथेच मला कळायला हवं होतं. तो फक्त रबर मोजत होता. एक इंच वाढलेली रिम माझ्या पायाशीच पडली होती. टेप जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंत धर म्हटलं असतं, तर जुन्याचे साधारण ६२० आणि नव्याचे ६४७ मिलिमीटर आले असते आणि विषय तिथेच संपला असता. ते दोन आकडे आजही रात्री डोक्यात फिरतात. मीटर चाकाचे फेरे मोजतं आणि जुन्याच टायरच्या घेराने गुणतं. नवं चाक दर फेऱ्याला ८८ मिलिमीटर जास्त पुढे जातं, ते मीटरला कुठून कळणार?

वर म्हणाला, “तरी शंका असंल तर सेटिंग करून देतो.” पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, दोन मिनिटांत काढला. टायरचा साइज विचारला नाही, गाडी रस्त्यावर नेली नाही. मी २,५०० चा यूपीआय केला. बिलावर साइज नाही, नुसतं ‘टायर ४ नग’. साइज लिहिलेल्या पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका.

पुढच्याच आठवड्यात पुण्याला जाताना ८० च्या पाटीपाशी काटा ८२ वर होता. चलान आलं ८५ चं, २,००० रुपये. मग फोनवर जीपीएस लावून बघितलं: मीटर ८०, फोन ८३. मोहोळच्या पुढे किलोमीटरचे दगड मोजले. दगडांनी ४० झाले तेव्हा मीटर ३८.३ वर होतं. सात रस्ता चौकात यू-टर्न घेताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, ते वेगळंच. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघितले तर २३१९. म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नवे म्हणून विकलेले! टायर बसवायच्या आधी हे आकडे स्वतः वाका आणि वाचा.

दुकानदार म्हणाला, “वापरलेला माल परत नाही.” पोलीस चौकीत गेलो, तर हा दिवाणी मामला. चलानच्या खिडकीवर म्हणाले, आधी भरा, मग बोला. वाहनांच्या कचेरीत तीन चकरा झाल्या. साहेब जेवायला, साहेब मीटिंगला, आणि तिसऱ्या दिवशी साहेब भेटले तर म्हणाले, “टायर तुम्ही बदलला, जबाबदारी तुमची.” मीटरने थोडा जास्त वेग दाखवला तर चालतो, खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये, हा संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ मी छापून नेला होता. त्यांनी कागद उलटा करून चहाचा कप ठेवला. माझ्यासमोर! पैसे मी दिले, दंड मी भरला, सुट्ट्या माझ्या गेल्या, आणि स्कॅनर लावणाऱ्याला एक प्रश्न विचारायलाही कुणी गेलं नाही.

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही, हे त्या कचेऱ्यांतल्या एकानेही सांगितलं नव्हतं. चलान वेळेत भरून टाका, पण पावती जपा. मीटर सेट केलं म्हणणाऱ्याला शेजारी बसवून जीपीएस लावून १० किलोमीटर गाडी चालवा, मगच पैसे द्या.

आता २२,४०० चे १८५/६५ आर १५ घातलेत. काढलेले चारही टायर विकले नाहीत. जिन्याखाली ठेवलेत, तारखेच्या दिवशी टेपसकट घेऊन जाणार आहे.