टक्के कशाचे? टिळकवाडीतल्या व्यवहारी गणिताच्या वर्गाविषयी

बेळगावच्या शहापुरात माझे आणि माझ्या धाकट्या जावेचे मिळून साड्यांचे छोटे दुकान आहे. गेल्या नऊ वर्षांत गिऱ्हाईक वाढले, गल्ला वाढला, वडगावच्या विणकरांकडून येणारा मालही वाढला. पण मार्चअखेरीस वही मिटताना जेवढे उरायला हवे तेवढे कधी उरले नाही, आणि ते जाते कुठे हे दोघींपैकी एकीलाही सांगता येत नव्हते. म्हणून टिळकवाडीत एका घराच्या माडीवर संध्याकाळी भरणाऱ्या व्यवहारी गणिताच्या वर्गात मी यंदा नाव घातले. आठ आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास आणि शुल्क २,४०० रुपये, असा हा वर्ग आहे. शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि फळ्यावर अजून सुबक अक्षरात लिहितात.

पहिल्या दिवशी मी जरा बिचकतच गेले होते. वर्गात उद्यमबागेतले लेथवाले होते, खानापूरचा एक खतविक्रेता होता, कुंद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा कॉलेजातला मुलगा होता आणि वडगावचे एक वयस्क विणकर होते. सरांनी साडेतीन रुपयांना एक याप्रमाणे सोळा रिळांचे किती झाले, असे विचारले; आम्ही मोबाइल काढेपर्यंत विणकरकाकांनी छप्पन्न म्हणून सांगून टाकले. लहानपणी त्यांच्याकडून पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतलेले होते. वर्गात कानडी बोलणारेही पाच-सहा जण होते आणि सर त्यांच्यासाठी पाऊण म्हटले की लगेच ‘मुक्कालु’ आणि दीड म्हटले की ‘ओंदूवरे’ असे म्हणून पुढे जात. दोन्ही भाषांत बोलायचे असल्यामुळे त्यांना प्रत्येक वाक्य सोपे करावे लागे, आणि त्याचा फायदा आम्हा मराठी बोलणाऱ्यांनाच अधिक झाला असावा.

या वर्गाची खरी किंमत मला दुसऱ्या आठवड्यात कळली. सरांनी प्रत्येकाला स्वतःच्या दुकानाचे एक बिल आणायला सांगितले होते. मी मागच्या दिवाळीच्या सेलमधले बिल नेले. आठशे रुपयांना घेतलेल्या साडीवर आम्ही पंचवीस टक्के चढवून हजाराची चिठ्ठी लावली होती आणि सेलमध्ये वीस टक्के सूट दिली होती. पंचवीसातून वीस गेले, पाच टक्के तरी आपले, असा आमचा नऊ वर्षांचा हिशेब. सरांनी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या. पंचवीस टक्के आठशेचे, म्हणजे दोनशे. वीस टक्के हजाराचे, म्हणजेही दोनशे. मग त्यांनी बिलावर बोट ठेवून विचारले, “आणि ताई, हे आठशे करासह आहेत ना?” आमच्या चिठ्ठीवरची किंमत करासहच असते. पाच टक्के जीएसटी त्यातूनच जातो, म्हणजे आठशेमधले ३८ रुपये १० पैसे सरकारचे आणि आमच्या हाती ७६१ रुपये ९० पैसे. खरेदीवर भरलेल्या चाळीस रुपयांच्या कराची वजावट मिळते, त्यामुळे साडी आम्हाला आठशेलाच पडलेली असते, ही एवढीच जमेची बाजू. त्या सेलमध्ये अशा १४० साड्या गेल्या होत्या. नुसता हा तोटा ५,३३३ रुपयांचा झाला. दिव्यांच्या माळा, पिशव्या आणि जादा बोलावलेल्या मुलीचा पगार त्यात धरलेलाच नाही. सेल जोरात झाला म्हणून आम्ही त्या रात्री दुकानात पेढे वाटले होते.

त्यानंतर सातव्या आठवड्यापर्यंत सरांचा एकच प्रश्न सारखा ऐकू येई, तो म्हणजे टक्के कशाचे? खरेदीचे, विक्रीचे, करासह किमतीचे की कराविना किमतीचे, सुरुवातीच्या मुदलाचे की उरलेल्या मुदलाचे, वर्षाचे की महिन्याचे? घरी आल्यावर मी सेल सोडून एरवीच्या विक्रीचाही हिशेब मांडला. हजाराला विकलेल्या साडीतून कर वजा जाता ९५२ रुपये ३८ पैसे उरतात, म्हणजे आम्ही ज्याला पंचवीस टक्के नफा म्हणत होतो तो खरेदीवर एकोणीस टक्के आणि निव्वळ विक्रीवर सोळाच टक्के होता, आणि भाडे, वीज, पगार हे सगळे त्यातूनच जायचे. वीस टक्के सूट देऊनही निव्वळ विक्रीवर पंधरा टक्के राखायचे असतील तर चिठ्ठी किती रुपयांची हवी, हे उलट्या बाजूने काढायलाही वर्गात शिकवले. आठशेला ०.८५ ने भागायचे, त्यावर पाच टक्के कर चढवायचा आणि आलेल्या रकमेला ०.८ ने भागायचे, म्हणजे १,२३५ रुपये येतात. कॅल्क्युलेटरवरचे एमयू हे बटण कशासाठी असते हेही मला इथेच कळले. आमच्या दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर ८०० भागिले २० एमयू दाबले की विक्रीवर वीस टक्के नफा धरून थेट १,००० येतात. करासह किमतीतून कर काढताना मात्र टक्क्याच्या बटणावर भिस्त ठेवू नये. १,०५० मधून पाच टक्के वजा केले तर ९९७ रुपये ५० पैसे येतात, खरी मूळ किंमत हजार असते; तिथे १.०५ ने भागावे लागते.

कर्जाचे तीन तास मला फार जड गेले, कारण त्यांत माझीच चूक फळ्यावर होती. दुकानात काचेचा काउंटर आणि कप्पे करण्यासाठी २०२२ मध्ये मी एका वित्त कंपनीकडून एक लाख रुपये घेतले होते. बारा टक्के व्याज, चोवीस हप्ते. त्यांच्या माणसाने दोन वर्षांचे व्याज २४,००० रुपये, म्हणून हप्ता ५,१६७ रुपये, असे कागदावर मांडून दाखवले आणि मला ते सरळ वाटले. सर म्हणाले की दर हप्त्यागणिक मुद्दल फिटत जाते, वर्षभरात निम्मे फिटलेले असते, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लावलेले आहे. उरलेल्या मुदलावर बारा टक्के लावले असते तर हप्ता ४,७०७ रुपयांचा झाला असता आणि एकूण व्याज तेरा हजारांच्या आत राहिले असते. मी जे बारा टक्के समजून फेडत होते ते खऱ्या हिशेबाने साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय सुरुवातीलाच प्रक्रिया शुल्क म्हणून दोन हजार कापून हातात अठ्ठ्याण्णव हजार दिलेले होते, ते धरल्यावर दर साडेतेवीसच्याही वर गेला. हे पाहून मागच्या बाकावरचे लेथवाले गप्प झाले, कारण त्यांच्या यंत्रांची कर्जेही अशाच दराची निघाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी वैयक्तिक तसेच छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर एका ठरावीक पत्रकात लिहून द्यायचा असतो. ते पत्रक वाचायचे कसे, यावर सरांनी अर्धा तास दिला, तो मला पूर्ण शुल्काच्या मोलाचा वाटला. खासगी सावकाराचे ‘शेकडा तीन’ महिन्याचे असतात आणि वर्षाला ते छत्तीस होतात, हे खतविक्रेत्याला समजावून सांगायची गरज पडली नाही.

पिग्मीचे, म्हणजे रोज दारात येऊन गोळा केल्या जाणाऱ्या छोट्या बचतीचे, गणितही इथे नीट कळले. दक्षिण कन्नड-उडुपीच्या पट्ट्यात, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही पद्धत बेळगावच्या गल्लोगल्ली इतकी रुजली आहे, की संध्याकाळी पिग्मीवाला आला नाही तर चुकल्यासारखे वाटते. रोजचे शंभर म्हणजे वर्षाचे ३६,५०० आणि चार टक्क्यांनी त्यावर १,४६० मिळणार, असे मी धरत असे. प्रत्यक्षात पहिल्या दिवसाचे शंभर वर्षभर राहतात आणि शेवटच्या दिवसाचे एकच दिवस, म्हणून सरासरी शिल्लक निम्मी आणि व्याज साधारण ७३० रुपये. सरांनी पिग्मी बंद करा असे सांगितले नाही, कारण गल्ल्यातला पैसा त्यामुळे बाजूला पडतो. मात्र त्याच पिग्मीवर जादा दराने कर्ज काढून ती चालू ठेवणाऱ्यांकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

सीमेवर धंदा करणाऱ्यांसाठी जीएसटीचे दोन तास तर हवेतच. बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलो की आपल्या मनाने आपण गावच्या गावातच असतो, पण बिलाच्या दृष्टीने ते दुसरे राज्य आहे. चंदगडच्या दुकानदाराला माल पाठवला तर बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लागतो. तिथे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के असे दोन भाग करून बिल केले तर रक्कम तीच दिसते, पण योग्य कर पुन्हा भरून आधीचा परत मागत बसावे लागते. माझ्या शेजारच्या दुकानदाराला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेली कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर सरसकट एक टक्का कर भरायची सोय, घ्यायची होती. ती घेतली तर राज्याबाहेर माल विकता येत नाही आणि त्याचे निम्मे गिऱ्हाईक चंदगड-गडहिंग्लजकडचे, तेव्हा त्याने बेत सोडला. पुस्तकात हा नियम एका ओळीत असतो, आमच्याकडे त्यावर दुकानाचे पुढचे वर्ष ठरते.

आता तक्रारी. चाळीस जणांची तुकडी दीड तासाला फार मोठी होते आणि मागच्या बाकांवरच्या वह्या तपासल्या जात नाहीत. सरावाचे कागद इंग्रजीत आहेत. शिकवणे मराठी-कानडीत आणि उदाहरणे इंग्रजीत, यामुळे विणकरकाकांसारखा तोंडी हिशेबात आम्हा सर्वांच्या पुढे असलेला माणूस कागदावर अडखळत होता. आणि शेवटचे दोन दिवस मला मुळीच पटले नाहीत. गुंतवणुकीसाठी म्हणून राखलेल्या त्या दोन दिवसांत एक पाहुणे आले, दरवर्षी बारा टक्के धरून वर चढत जाणारा आलेख त्यांनी दाखवला, महागाईचे नाव काढले नाही, बारा टक्क्यांची हमी कुणीही देत नाही हे सांगितले नाही आणि निघताना आपले कार्ड प्रत्येकाच्या हातात ठेवले. सात आठवडे ‘टक्के कशाचे’ विचारणारे सर त्या दिवशी खिडकीपाशी बसून होते. मी ते दोन दिवस शुल्काच्या हिशेबात धरत नाही.

तरीही ज्याचे स्वतःचे दुकान, हातगाडी, यंत्र किंवा घरगुती पापड-मसाल्याचा धंदा आहे, त्याने या वर्गाला जावे असे मी म्हणेन. नोकरदार माणसाला पहिले चार आठवडे लांबल्यासारखे वाटतील. जाताना स्वतःची बिले आणि कर्जाचे कागद घेऊन जावे. माझ्याबरोबरच्या ज्यांनी रिकामी वही नेली त्यांना निम्माच लाभ झाला.

एक विषय मात्र पूर्ण राहून गेला आहे आणि तो म्हणजे उधारी. चंदगडच्या एका दुकानात माझे पन्नास हजार नेहमी दोन-दोन महिने अडकलेले असतात आणि तेवढ्या काळासाठी मी स्वतः अठरा टक्क्यांनी कर्ज घेऊन माल भरते. वर्गात शिकलेल्या रीतीनेच मी ते मांडून पाहिले, तर दर खेपेला त्या उधारीचे १,५०० रुपये माझ्या खिशातून जात होते. शेवटच्या दिवशी मी तो कागद सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या तुकडीत हा एक दिवस वाढवतो म्हणाले. त्या तुकडीत माझ्या जावेचे नाव घातले आहे.