गटाची वेबसाइट कुठे ठेवावी: फुकट, स्वस्त आणि ‘पहिल्या वर्षापुरतं स्वस्त’

आमचा गट रविवारी गडावर जातो. टाक्यांमधला गाळ काढायचा, पायवाटेवरची घसरलेली माती सावरायची, दरवाज्याजवळचं रान साफ करायचं, असली कामं. पंचवीस-तीस जण आहोत. संस्था म्हणून नोंदणी नाही. माणशी महिना १०० रुपये वर्गणी, आणि तिचा हिशेब खजिनदार काकांच्या लाल वहीत.

पहिली वेबसाइट गटातल्याच एका कॉलेजच्या पोराने हौसेने करून दिली होती. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, पैसे वडिलांच्या कार्डावरून. पुढे तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि कॉलेजने त्याचा ईमेल बंद केला. ‘मुदत संपतेय’ सांगणारी पत्रं त्या बंद पेटीत पडत राहिली. ऐन पावसाळ्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला, “दादा, मोहिमेची तारीख बघायला तुमची साइट उघडली, तर तिथे रमी खेळायला बोलावतायत.”

तेव्हापासून हे खातं माझ्या गळ्यात आहे. पाच-सहा वर्षांत तीन प्रकार वापरून झाले, काही नुसतेच तपासले. तुमचाही असाच लहान गट असेल आणि कुठे जावं हे ठरत नसेल, तर खालचा हिशेब उपयोगी पडेल.

आधी डोमेन, मग बाकी सगळं

डोमेन म्हणजे दारावरची पाटी, होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. खोली कितीदाही बदलता येते, पाटी गेली की माणसं रस्ता चुकतात. म्हणून होस्टिंगसोबत ‘पहिल्या वर्षी डोमेन मोफत’ मिळालं तरी मी ते घेत नाही. दुसऱ्या वर्षापासून त्याचे पैसे लागतातच, शिवाय खोली सोडताना पाटी काढून घ्यायची म्हणजे वेगळी खटपट. नवं डोमेन घेतलं की पहिले ६० दिवस ते सहसा दुसऱ्या कंपनीकडे हलवताही येत नाही.

डॉट इन किंवा डॉट ओआरजी, वर्षाला साधारण हजाराच्या आगेमागे पडतं. घेताना पहिल्या वर्षाचा आकडा बघू नका, रिन्यूअलचा बघा. डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि देवनागरीतलं नाव फलकावर झकास दिसतं. पण निम्मे लोक फोनवर इंग्रजी कीबोर्डच उघडतात आणि काही फॉर्म असा पत्ता स्वीकारतच नाहीत. हौस असेल तर जोडनाव म्हणून घ्या.

मुदत चुकली तरी डोमेन लगेच जात नाही. डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी असेल तर कंपनीच्या धोरणाप्रमाणे आधी काही दिवस नेहमीच्या दरात परत मिळू शकतं, हा काळ जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. त्यानंतर ३० दिवस भरभक्कम दंड भरून. मग ते बाजारात मोकळं होतं, आणि जुन्या, लोकांच्या येण्याजाण्यातल्या नावांवर टपून बसलेले पुष्कळ असतात. आमची रमी तिथूनच आली.

‘ऑटो-रिन्यूअल चालू आहे, काळजी नाही’ यावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप कपातीचे नियम कडक झाले. तेव्हापासून परदेशी कंपन्यांची कपात कितीदा तरी नुसतीच नाकारली जाते. शिवाय नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण चालू करून घ्यावे लागतात. यूपीआय घेणारी देशातली कंपनी चार पैसे महाग पडली, तरी खजिनदाराच्या दृष्टीने तीच सोपी.

शेअर्ड होस्टिंग आणि वर्डप्रेस

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, वर्डप्रेस म्हणजे साइट चालवायचं सॉफ्टवेअर. बहुतेक गट आधी इथेच येतात, आम्हीही आलो. जाहिरातीत ‘महिना ९९ रुपये’ असतं. आत गेल्यावर कळतं की हा दर ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच. म्हणजे ४,७५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,६०७. हे आकडे उदाहरणादाखल धरा, पण गणिताचा साचा सगळीकडे हाच. चार वर्षांनी रिन्यूअलला तोच दर दुप्पट-तिप्पट झालेला असतो, आणि एक वर्षापुरतंच घेऊ म्हणालात तर पहिल्या दिवसापासून.

‘अनलिमिटेड’ या शब्दालाही तळ असतो. जागा अमर्याद म्हणतात, पण एकूण फाइली किती ठेवायच्या याची मर्यादा अटींमध्ये बारीक अक्षरांत असते. वर्डप्रेस एका फोटोच्या लहान-मोठ्या पाच-सहा प्रती करून ठेवतं, त्यामुळे फोटोंच्या साइटला ती मर्यादा लवकर दिसू लागते. साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागत असतील तर तिथून सरळ उठा. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा ते फुकट देते, आणि बरे होस्ट ते आपणहून बसवून देतात.

मिळतं काय, तर हवं ते. अनेक लेखक, मोहिमेची नोंदणी, फोटोंची दालनं, मराठीतला डॅशबोर्ड, हजारो प्लगइनांमधून, म्हणजे जोड-सोयींमधून, निवड. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याची देखभाल कुणीतरी करावी लागते. दोन महिने कुणी अपडेट केलं नाही आणि एखाद्या प्लगइनला भोक असलं, की गूगलवर तुमच्या गडाच्या नावाखाली जपानी भाषेत हँडबॅगांच्या जाहिराती दिसू लागतात. गंमत नाही, हा हल्ला ‘जपानी कीवर्ड हॅक’ या नावाने ओळखला जातो.

आमच्यावर वेळ आली ती वेगळीच. रिन्यूअलचा आकडा बघून आम्ही एका होस्टकडून दुसरीकडे निघालो. जुना डेटाबेस, म्हणजे साइटचा साठवलेला मजकूर, उतरवला, नव्याकडे चढवला, साइट उघडली. फोटो जागच्या जागी, तारखा जागच्या जागी, आणि मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. इंग्रजी अक्षरं तेवढी शाबूत. नव्या ठिकाणचे तक्ते जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचावर बेतलेले होते, त्यात देवनागरीला जागाच नव्हती. एकदा प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत ‘क’ होत नाही. नशिबाने मूळ फाइल मी पुसली नव्हती. तक्ते देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ-८-एमबी-४ वर करून पुन्हा चढवले, तेव्हा टाक्यांची वर्णनं परत आली. हलवाहलव करताना जुनं खातं निदान महिनाभर चालू ठेवा, हे मी तेव्हापासून दिसेल त्याला सांगतो.

स्थिर साइट: गिटहब पेजेस की क्लाउडफ्लेअर पेजेस

त्या प्रकारानंतर मी शांतपणे यादी केली, आपल्या साइटवर असतं तरी काय? पुढच्या मोहिमेची तारीख, गडाची माहिती, मागच्या मोहिमांचे वृत्तांत, फोटो, नोंदणीचा गूगल फॉर्म आणि देणगीसाठी यूपीआयचा क्यूआर. यातल्या कशालाच डेटाबेस लागत नाही. आधीच तयार करून ठेवलेली साधी एचटीएमएल पानं, म्हणजे स्थिर साइट, पुरते, आणि ती ठेवायला गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस यांसारख्या सेवा पैसे मागत नाहीत.

गिटहब पेजेसवर साइटला १ जीबीची मर्यादा आहे आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची सैलशी अट. आकडे लहान वाटतात, पण हिशेब करा. फोनमधला फोटो ४ एमबीचा. असे ४०० फोटो म्हणजे १.६ जीबी, बसत नाहीत. तेच २०० केबीला आणले तर ८० एमबी. व्हॉट्सॲपवरून येणारे फोटो आधीच दाबलेले असतात, त्या खोडीचा एवढा एक फायदा. वाहतुकीचं म्हणाल तर दीड एमबीचं पान महिन्यात तीन हजार वेळा उघडलं तरी साडेचार जीबी.

फुकट खात्यात गिटहबवर पेजेस वापरायचं तर भांडार, म्हणजे साइटच्या फाइलींचा साठा, सार्वजनिक ठेवावं लागतं, म्हणजे साइटची प्रत्येक फाइल कुणीही वाचू शकतं. कार्यकर्त्यांचे फोन नंबर, रक्तगट असली यादी चुकूनही तिथे जाता कामा नये. क्लाउडफ्लेअर पेजेसमध्ये भांडार खासगी ठेवता येतं, स्थिर पानांच्या वाहतुकीला मोजमाप नाही, एक फाइल २५ एमबीपर्यंत चालते. गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) न शिकलेल्यांना फोल्डर ओढून टाकायचीही सोय आहे. दोन्हीकडे स्वतःचं डोमेन आणि एसएसएल फुकट. मला निवडायला सांगितलं तर क्लाउडफ्लेअर, कारण डोमेनवर आलेली मेल गटाच्या जीमेलकडे वळवायची सोयही त्याच खात्यात फुकट मिळते.

यात हॅक होण्यासारखं जवळजवळ काही नाही, साइट झटकन उघडते आणि अपडेटची कटकट नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो, आणि दीड वर्ष मी तो चालवलाही. अडचण माझीच झाली. वृत्तांत लिहिणारे दहा जण, पण साइटवर चढवता येणारा मी एकटा. मजकूर माझ्या व्हॉट्सॲपवर यायचा, फोटो वेगळ्या ग्रुपवर, नावं तिसऱ्या मेसेजमध्ये. मुलीच्या दहावीच्या वर्षात तीन मोहिमा झाल्या आणि साइटवर एकही चढली नाही. गटात असं काम येणारे निदान दोघं असतील तरच या वाटेला जा. ते दोघं एकाच घरातले नसलेले बरे.

गूगल साइट्स आणि ब्लॉगर

गूगलच्या या दोन सेवांकडे मी बरीच वर्षं नाक मुरडून बघत होतो. दोन्ही फुकट, दोन्हीला स्वतःचं डोमेन जोडता येतं, दोन्हीवर गूगल फॉर्म लावता येतो.

गूगल साइट्सवर पान बनवणं म्हणजे भिंतीवर कागद चिकटवण्याइतकं सोपं. चार जण एकाच पानावर काम करू शकतात आणि कुणी काही बिघडवलं तर मागची आवृत्ती परत आणता येते. संस्थेची ओळख, संपर्क, नकाशा अशी पाच-सात पानं वर्षभर तशीच राहणार असतील, तर याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण संपादन करायला संगणकच हवा.

ब्लॉगर १९९९ पासूनचं, आणि दिसतंही तसंच. मात्र ते फोनच्या ब्राउझरमधून चालतं, नवं लिखाण आपोआप वर येतं आणि एका ब्लॉगला १०० जण जोडता येतात. आमचे वृत्तांत लिहिले जातात ते परतीच्या एसटीत, शेवटच्या बाकावर, हाताला गाळाचा वास असताना. घरी पोचून संगणक उघडू म्हणणाऱ्यांनी आजवर एकही लिहिलेला नाही. आमच्यापुरता निकाल इथेच लागला.

धोका एकच, पण खरा. हे सगळं एका गूगल खात्यावर उभं असतं. ते खातं कुणाचं खासगी नको, गटाचं हवं. दोन वर्षं त्यात कुणी शिरलंच नाही तर असं निष्क्रिय खातं गूगल काढून टाकू शकतं. ब्लॉगवर प्रशासक निदान दोन ठेवा. गूगल आपली उत्पादनंही बंद करतं. जुनं गूगल साइट्स बंद झालं, त्याआधी २०१९ मध्ये गूगल प्लस. पाटी स्वतःची असेल तर अशा वेळी खोली बदलता येते. ब्लॉगरमधून सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवता येतो. वर्षातून दोनदा उतरवा आणि दोघांच्या संगणकावर ठेवा.

जे बघितलं आणि सोडलं

वर्डप्रेस डॉट कॉमची फुकट योजना लिहायला सुंदर, पण पत्ता त्यांचा, जाहिराती त्यांच्या, आणि स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे. वर्डप्रेसला लागणाऱ्या पीएचपीसकट फुकट होस्टिंग देणारेही आहेत. प्रयोगाला ठीक, पण बॅकअपची जबाबदारी सगळी तुमची. व्हीपीएस, म्हणजे आपणच चालवायचा भाड्याचा सर्व्हर, महिना चारशे-पाचशे रुपयांपासून मिळतो आणि गटातला एखादा उत्साही तरुण तोच घ्या म्हणेल. त्याला प्रेमाने चहा पाजा आणि नाही म्हणा. सर्व्हर चालवणं हे गडाचं काम नाही.

सेवाभावी संस्थांना मोठ्या कंपन्या सवलती देतात, गूगलचीही तशी योजना आहे. पण त्या नोंदणीकृत संस्थांसाठी. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंद असेल तर जरूर अर्ज करा. नुसत्या वेबसाइटसाठी नोंदणी करायला निघालात, तर वकिलाची फी होस्टिंगपेक्षा जास्त होईल.

शेअर्ड होस्टिंग मग घ्यावं कुणी? ज्यांना सभासदांचं लॉगिन हवंय, साइटवरच पावत्या द्यायच्यात, किंवा ज्यांच्याकडे दर महिन्याला अपडेट करणारा माणूस पक्का आहे त्यांनी. अशांना ते पैसे अंगावर येत नाहीत.

आमचा वर्षाचा खर्च आता फक्त डोमेनचा. पासवर्ड आणि खात्याचा रिकव्हरी नंबर तिघांकडे आहे, त्यातल्या एकीला संगणकाचा कंटाळा आहे, मुद्दाम तिलाच घेतलं. काकांनी लाल वहीच्या पहिल्या पानावर डोमेन संपायची तारीख लिहिली आहे आणि तिच्यापुढे कंसात, त्यांच्या अक्षरात, ‘रमी’.