जांभ्यावर आणि खाऱ्या वाऱ्यात: ट्रेक फ्युएल ईएक्सई

कोकणात सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, खाडीकडे उतरणारी वाट कुठे ना कुठे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, भिडतेच. त्यातलं बेडं, म्हणजे फाटक, उघडं असलं तर ठीक, नाहीतर सायकल उचलून पलीकडे ठेवायची. पूर्ण ताकदीची इलेक्ट्रिक माउंटन बाइक 23 ते 25 किलोची असते. ती एकट्याने कमरेइतक्या गडग्यावरून पलीकडे ठेवणं म्हणजे पाठीशी वैर. ट्रेकची फ्युएल ईएक्सई, कार्बन फ्रेमची, मॉडेलप्रमाणे साडेअठरा ते वीस किलोत बसते. हा चार-पाच किलोंचा फरक शोरूममध्ये जाणवत नाही. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, चाळिसाव्या पायरीवर जाणवतो, होडीत चढवताना जाणवतो, रात्री पडवीच्या तीन पायऱ्या चढवतानाही जाणवतो.

2022 साली आलेल्या या सायकलीत टीक्यू कंपनीची एचपीआर 50 मोटर आहे. 50 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), जास्तीत जास्त 300 वॉट, वजन पावणेदोन किलोच्या थोडं वर. बॅटरी 360 वॉट-तासांची, खालच्या नळीत लपलेली. पुढे 150 मिमी, मागे 140 मिमी सस्पेन्शन, दोन्ही चाकं 29 इंची. आवाज इतका कमी की वाडीतून जाताना कुत्र्यांनाही उशिरा कळतं. नेहमीची गिअरची रचना सोडून कंपनीने हार्मोनिक पिन-रिंग पद्धत वापरली आहे. त्यामुळे खडबडीत उतारावर, पेडल थांबलेलं असताना, इतर काही मोटरींतून येणारा खडखडाट इथे नाही. जांभ्यावर उतरताना ही शांतता फार सुखाची वाटते.

पण 50 न्यूटन-मीटर पुरतात का? आकडेमोड सोपी आहे. 300 वॉटला 50 ने भागलं की सेकंदाला 6 रेडियन, म्हणजे मिनिटाला पेडलच्या सुमारे 57 फेऱ्या. पेडल याच्या खाली गेलं की मोटर पूर्ण 300 वॉट देऊच शकत नाही, इको, मिड, हाय या मदतीच्या तीन मोडपैकी हायमध्ये ठेवा नाहीतर आणखी कुठे. ‘चढावर मोटर मेली’ ही तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा जड गिअरमध्ये 45 फेऱ्यांनी दाबत असतो. घाटी चढताना मागचं सगळ्यात मोठं चक्र, 51 किंवा 52 दाती, चढ सुरू व्हायच्या आधीच लावायचं आणि फेऱ्या 65 ते 80 च्या दरम्यान ठेवायच्या. पुढे 34 दाती चक्र असेल तर ते काढून 32 चं बसवणं हा कोकणासाठी सगळ्यात फायद्याचा बदल. 32 ला 52 धरलं तर 60 फेऱ्यांना वेग ताशी पाच किलोमीटरच्या जरासा वर पडतो. पाखाडीशेजारच्या पायवाटेला तेवढाच हवा.

याच हलक्या वर्गातली बॉशची परफॉर्मन्स लाइन एसएक्स मोटर कागदावर 600 वॉट दाखवते, पण तो आकडा पाय भरभर फिरवणाऱ्यांसाठी आहे. ज्यांची चाल संथ आहे त्यांना दोन्हींत कागदावरच्या इतकी तफावत जाणवत नाही.

आता बॅटरी. इथे किलोमीटर विचारणं निरर्थक, कारण किनाऱ्याचा रस्ता म्हणजे खाडी, सडा, पुन्हा खाडी. मोजायचा तो चढ. 75 किलोचा माणूस, 19 किलोची सायकल, पाणी आणि हत्यारं धरून 6 किलो, एकूण 100 किलो. हे 100 मीटर वर न्यायला साधारण 27 वॉट-तास लागतात. मिड मोडमध्ये निम्मं काम मोटरने केलं, मोटरमधला तोटा आणि खडबडीत वाटेचं घर्षण धरलं, तर बॅटरीतून 20 च्या आसपास जातात. म्हणजे थोडी शिल्लक ठेवून एका चार्जमध्ये 1,600 मीटर चढ. खाडीकाठावरून सड्यावर जायला 100 ते 150 मीटर धरले तर दहा-बारा वेळा वर-खाली. हाय मोडवर हाच हिशोब 1,200 मीटरपर्यंत उतरतो. सावंतवाडीहून आंबोली सुमारे 600 मीटरचा चढ आहे; मिडवर जाऊन बॅटरी निम्म्याहून जास्त उरायला हवी. उरली नाही तर टायरची हवा आणि ब्रेक घासतोय का ते तपासा, बॅटरीला दोष नंतर द्या.

पाण्याच्या बाटलीच्या जागी बसणारी 160 वॉट-तासांची जादा बॅटरी मिळते. हिवाळ्यात ती ठीक. मार्च ते मे या उकाड्यात मात्र बाटलीची जागा गमावणं परवडत नाही. त्या दिवसांत पाठीवर दोन लिटर पाणी घेऊनच निघायचं. आणि विमानाने चिपीला उतरून सायकल चालवायचा बेत असेल तर विसरा. प्रवासी विमानात 160 वॉट-तासांहून मोठी बॅटरी चालत नाही, 360 ची तर नाहीच.

कायद्याचं एका दमात सांगतो. 250 वॉटपेक्षा कमी क्षमता, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून 60 किलोपर्यंत वजन असेल तर केंद्रीय नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. इथे 250 हा सलग तीस मिनिटांच्या क्षमतेचा आकडा. क्षणभराचे 300 वॉट ही वेगळी गोष्ट. परदेशातून कुणाकडून मागवताना अमेरिकेतली आवृत्ती घेऊ नका, तिची मदत ताशी 32 किलोमीटरपर्यंत चालू राहते.

ट्यूनिंगसाठी ट्रेक सेंट्रल अॅप आहे आणि त्यात प्रत्येक मोडचे तीन धागे हातात येतात: जास्तीत जास्त वॉट, मदतीचं प्रमाण आणि पेडलला मिळणारा प्रतिसाद. कोकणासाठी इको 100 वॉटच्या आसपास बांधून ठेवावा आणि त्याचा प्रतिसाद सगळ्यात मवाळ. कारण शेवाळ. जून ते सप्टेंबर जांभ्याच्या जुन्या, पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर हिरवट थर धरतो आणि मोटरने जरासा झटका दिला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. मिड 180 ते 200 वॉट, प्रतिसाद मधला. हाय आहे तसाच राहू द्या. पाखाडीवर मात्र पावसात कुठलंच ट्यूनिंग कामाचं नाही. उतरताना सायकल हातात धरून उतरा, चढताना वॉक मोड (आपण चालत असताना सायकल हळू पुढे ढकलणारी मदत) लावा; मागचं चाक पायरीला टेकलेलं राहील असं सीट किंचित खाली दाबून ढकललं की ती बऱ्यापैकी चढते.

सस्पेन्शनला जांभ्याचा स्वभाव ओळखून सेट करावं लागतं. जांभा सच्छिद्र, कडा धारदार, खड्डे तळहाताएवढे आणि एकामागोमाग एक. मोठ्या उड्या इथे क्वचित, सतत टकटक. म्हणून मागे 30 टक्के सॅग (नुसत्या वजनाने सस्पेन्शन दबण्याचं प्रमाण): शॉकचा स्ट्रोक 60 मिमी असेल तर पूर्ण सामानासह बसल्यावर रबरी रिंग 18 मिमी सरकली पाहिजे. पुढे 150 मिमीला 20 टक्के, म्हणजे 30 मिमी. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग, बहुतेक जण फार मंद ठेवतात. सलग कडांवर मंद रिबाउंडचा शॉक प्रत्येक धक्क्यानंतर थोडा आतच राहतो, दहा-बारा धक्क्यांनी तो निम्मा बसलेला असतो आणि मग सायकल लाकडासारखी आदळते. त्यामुळे कंपनीच्या तक्त्यापेक्षा दोन क्लिक मोकळा करा. लो-स्पीड कम्प्रेशन (शॉक हळू दबताना होणारा विरोध) पूर्ण उघडं. फ्रेममधली मिनो लिंक (सायकलीची उंची आणि कोन बदलणारी छोटी कडी) उंच स्थितीत ठेवावी. पुढच्या फोर्कचा कोन सुमारे अर्ध्या अंशाने उभा होतो, पण पेडलं चिऱ्यांवर आपटणं कमी होतं. मोटरच्या सायकलीवर चढतानाही पेडल सतत फिरत असतं, म्हणून हे आपटणं साध्या सायकलीपेक्षा जास्त.

टायर ट्यूबलेसच. 75 किलोच्या माणसाला पुढे 22, मागे 25 पीएसआयपासून सुरुवात करा, पावसात दोन-दोनने उतरवा. मागचं टायर जाड बाजूचंच घ्या. जांभ्याची कड टायरच्या बाजूला चिरते आणि तो काप सीलंटने (टायरमधल्या छिद्र बुजवणाऱ्या द्रवाने) भरत नाही, आतून पॅच आणि वरून टाकाच लागतो. करवंदीच्या काट्यांना सीलंट पुरतं, मात्र प्रत्येक टायरमध्ये 110-120 मिली तरी हवं. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. दर सहा आठवड्यांनी टायर हलवून आत डचमळतंय का ऐका.

एवढं झालं तरी इथे सायकलीचं आयुष्य खारं वारं ठरवतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर ती न चालवताही गंजते. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर चालवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि प्रत्येकाला पश्चात्तापही. मागच्या चाकापाशी वेग मोजण्यासाठी छोटा चुंबक असतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं आहेत, मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात ते उगीच नाही. एका फेरीनंतर चुंबकाला काळ्या वाळूची मिशी फुटलेली दिसते. फडक्याने पुसली तर ती फक्त इकडून तिकडे सरकते. चिकटपट्टी दाबून उचलायची, तीन-चार वेळा, की निघते. वेगाचा आकडा उड्या मारायला लागला किंवा मोटर मध्येच सुटायला लागली तर सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी हे बघा, आणि चुंबक सेन्सरसमोर सरळ आहे की हलला आहे तेही.

धुण्याची पद्धत ठरलेली असावी, आणि किनाऱ्यावरून आलं की त्याच दिवशी. चार्जिंगचं झाकण घट्ट बंद. दोन बादल्या गोडं पाणी, मऊ ब्रश, वरून खाली ओतत जायचं. गाड्या धुतात तो प्रेशर पंप नको. मोटरच्या सीलमधून आणि सस्पेन्शनच्या बेअरिंगमधून तो ग्रीस ढकलून पाणी आत घालतो, आणि दोन महिन्यांनी पिव्हट, म्हणजे सस्पेन्शनचे सांधे, करकरायला लागतात. सायकल उलटी करू नका. धुऊन झाल्यावर झाकण उघडून चार्जिंगच्या टोकांवर हिरवट डाग आहे का पाहा. असला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. हिरवा डाग वाढू दिला तर चार्जर लागतो, दिवा लागतो, पण चार्ज अर्ध्यात तुटतो.

अॅल्युमिनियममध्ये बसणारे स्टीलचे बोल्ट वर्षातून दोनदा काढून अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावून पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा. मिठाच्या हवेत हे दोन धातू एकमेकांना असे धरतात की तिसऱ्या वर्षी अॅलन की गोल होते, बोल्ट हलत नाही. ब्रेकला पावसाळ्यात मेटल पॅड. रेझिनचे पॅड लाल चिखलात साबणासारखे झिजतात. चेन-चेकरवर (चेनची झीज मोजायच्या पट्टीवर) 0.5 दिसलं की चेन बदला. मोटरची भर पडल्यामुळे ती साध्या सायकलीपेक्षा लवकर ताणते, आणि तिच्यापायी कॅसेट (मागच्या दाती चक्रांचा संच) गेली तर खर्च कैक पटींनी.

गैरसोयी लपवण्यात अर्थ नाही. बॅटरी रोज काढून घरात नेण्यासारखी नाही; हत्यार लागतं, त्यामुळे सायकलच प्लगपाशी न्यावी लागते. मोटर बिघडली तर गावात कुणी उघडत नाही, डीलरही उघडत नाही, अख्खी बदलायची. आणि त्यासाठी कोकणाबाहेर जावं लागेल हे धरूनच चाला. घरातलं सगळं सामान ओढायला स्वस्त हब-मोटरची, म्हणजे चाकाच्या मध्यात मोटर असलेली, सायकल बरी. ज्याला फक्त डांबरी किनारी रस्त्याने, आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जायचं आहे, त्याने यावर एवढे लाख घालू नयेत.

सड्यावर चालवताना दोन गोष्टी. ऑक्टोबरात गवत कमरेला लागतं आणि त्यात चिरेखाणी लपतात: उभ्या भिंतींचे, चौकोनी, पाण्याने भरलेले खड्डे, कडेला कुंपण नाही. मळलेली वाट सोडू नका. आणि कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत; जांभ्यावरची ती रेष बोटभर खोल असते, टायरखाली तिची कड ढासळते. तिथे उतरून चालायचं.

पावसाळाभर ठेवायची असेल तर बॅटरी निम्म्यावर, सायकल आतल्या खोलीत, चार्जर भिंतीतून काढलेला. विजा चमकताना तर नक्कीच. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर गार होऊ द्या. दर दोन महिन्यांनी टक्केवारी पाहा, 30 च्या खाली गेली तर पुन्हा निम्म्यावर आणा. घटस्थापनेच्या सुमारास बाहेर काढताना आधी ब्रेकचे पिस्टन सरकतात का बघा, मग सीटपोस्ट उपसून नळीत पाणी साठलंय का ते. बहुतेक वेळा थोडं साठलेलं असतं.