टर्फ चांगला, पण आमच्या पोरांना मैदान हवंय

जुळे सोलापुरातल्या एका टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या भाड्याच्या मैदानावर, कॉलेजचा फुटबॉल संघ घेऊन तीन महिने येतोय. दिवे झकास, जाळी मजबूत, वेळेचे पक्के. तासाला 800 रुपये. पोरं वर्गणी काढतात.

पण एप्रिलात दुपारी चारला हा टर्फ म्हणजे तवा! हिरव्या धाग्यांतले काळे रबरी दाणे असे तापतात की आमच्या गोलकीपरनं झेप घेतली आणि कोपराचं सालटं निघालं. आधी पाणी मारा म्हणून तीनदा सांगितलं, अजून मारलेलं नाही. शिवाय ही सात-सात जणांची जागा. अकरा जणांचं मोठं मैदान 105 बाय 68 मीटरचं. इथं तयार झालेला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळणारा पोरगा, तिथं गेला की लांबचा पास अंदाजानंच मारतो.

म्हणून स्टाफरूममध्ये रोज तोच वाद, मैदान करायचं कुठं आणि पैसे आणायचे कुठून. काहीजण केगावकडं जागा घ्या म्हणतात. अहो, अक्कलकोट रोडची पोरं सायकलवर येतात, ती अख्खं गाव ओलांडून रोज जातील का? कॉलेजमागची पडीक जागाच सपाट करा. माती, रोलर, बोअर आधी, गॅलरी मागून. फी मात्र वाढवू नका. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, खेळाचं प्रशिक्षण त्यात बसतं. टॉवेलवाल्या मोठ्या कंपन्यांकडं मी स्वतः अर्ज घेऊन जाईन.

तोवर या टर्फला तीन तारे. सकाळी सहाचीच वेळ घ्या.